पडद्यामागील दिवा

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे तिची दुरुस्ती आणि तिच्या दोषाची चौकशी ह्या दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. आणि बहुधा असें होतें, कीं दुरुस्ती मागें राहते व चौकशी पुढें जाते. वस्तूंत काय बिघडलें ह्यापेक्षां ती कोणीं बिघडविली ह्याकडेच मंडळींचें लक्ष अधिक. ह्या महिन्यांत वाचकांपुढें मांडावयाचा विषय वरवर पाहतां यंत्राचा आहे. पण त्याचा निम्मा भाग माणसांचा आहे, म्हणूनच घरोघर वाचल्या जाणाऱ्या ह्या पानांत त्यास जागा देणें आम्हांस योग्य वाटतें. टीव्हीच्या पडद्यामागें एक दिवा असतो. बाजारांत त्यास ‘बॅकलाइट’ म्हणतात. तो घरच्या घरीं बदलल्यानंतर पडद्यावर जे दोष दिसतात, ते कसे ओळखावे आणि त्यांचा बोल कोणास लावावा, हा तो विषय.

आमचें राहणें रावेत येथें. पवनेच्या कांठचें हें गांव आतां पिंपरी-चिंचवड शहरांत मिसळून गेलें असून मळ्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. आकुर्डी, चिंचवड, भोसरी, चाकण येथील कारखान्यांत आयुष्य घालविलेल्या कितीएक माणसांनीं येथें घरें केलीं, आणि जवळच अभियांत्रिकीचीं महाविद्यालयें आहेत. अशा गांवांतील तरुण मुलास स्क्रू फिरवितांना संकोच वाटत नाहीं, हें स्वाभाविक होय. त्यांतून टीव्हीचा दिवा ही वस्तु मोह पाडणारी आहे. पट्ट्या थोडक्या पैशांत टपालानें घरीं येतात. उलट पुढचा कांचेचा पडदा बदलावयाचा म्हटलें तर जवळजवळ नव्या संचाची किंमत पडते. तेव्हां मुलगा म्हणतो, “मीच करतों.” आमच्या मतें हें वाक्य कोणत्याही घरांत ऐकूं यावें असेंच आहे, फक्त त्याच्या पुढेंमागें थोडा विचार हवा.

आमच्याच इमारतींत तिघे भाऊ शेजारशेजारच्या दोन घरांत एकत्र नांदतात. स्वयंपाक एक, देवघर एक आणि दिवाणखान्यांतील टीव्हीही एकच. श्रावणांत त्या टीव्हीचें चित्र नाहींसें झालें. आवाज मात्र पूर्ववत् येत राहिला. तंत्रनिकेतनांत शिकणाऱ्या पुतण्यानें नव्या पट्ट्या मागविल्या, एका रविवारीं संच उघडला आणि दिवेलागणीपर्यंत चित्र परत आणलें. परंतु त्या चित्रांत तीन व्यंगें होतीं. चार ठिकाणीं पांढरे शुभ्र ठिपके चमकत होते. खालच्या उजव्या कोपऱ्यांत धुरकट डाग होता. आणि डाव्या बाजूस वरपासून खालपर्यंत एक बारीक उभी रेघ होती. थोरले काका म्हणाले, “काळा होता तोच बरा होता. आतां ह्याला दुकानदारही हात लावायचा नाहीं.” मुलगा उलट बोलला नाहीं, पण त्यानें हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली आणि पुन्हां असल्या फंदांत पडणार नाहीं असें आईस सांगितलें. ह्या प्रकरणांतील खरी हानि ती होती, टीव्हीची नव्हे.

आतां काकांचा तर्क तपासूं. मुलानें संच उघडला. त्यानंतर दोष दिसले. म्हणून दोष मुलाचे. कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास एक गांठ पडली म्हणजे कावळ्यानें फांदी मोडली असें होत नाहीं. आमच्या शास्त्रकारांनीं ह्यास काकतालीय न्याय असें नांवच देऊन ठेविलें आहे. एकामागून दुसरें घडलें एवढ्यानें पहिलें हें दुसऱ्याचें कारण ठरत नाहीं. त्यासाठीं अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहावे लागतात: कारण असतां कार्य असतें काय, आणि कारण नसतां कार्यही नसतें काय? टीव्हीच्या बाबतींत हें तपासणें अवघड नाहीं. मात्र त्याकरितां पडद्याची रचना एकदां नीट समजून घेतली पाहिजे.

सिंहगडावरून १९७३ सालीं प्रक्षेपण सुरू होऊन पुण्याकडील घरांत मुंबईचे कार्यक्रम दिसूं लागले, त्या काळचे जाडजूड संच आमच्या पिढीस चांगले आठवतात. त्यांतील कांचेच्या नळीचा पुढचा भाग इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानें स्वतःच प्रकाशत असे. दिवा तोच आणि चित्रही तेंच. आज ‘एलईडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक संचांत तसें नाहीं. त्यांचा पडदा द्रव-स्फटिकांचा असून त्यास स्वतःचा प्रकाश मुळींच नसतो. एलईडी आहे ती मागच्या दिव्यांत. ओएलईडी नांवाच्या महागड्या संचांत मात्र प्रत्येक बिंदु स्वयंप्रकाशी असतो, म्हणून पुढील विवेचन त्यांस लागू नाहीं.

पडद्याची मांडणी मागून पुढें अशी असते. सर्वांत मागें पत्र्याच्या तबकांत एलईडीच्या पट्ट्या; पट्टीवर मण्यांसारखे दिवे, आणि प्रत्येक मण्यावर घुमटाकार लहान भिंग, जें प्रकाश चहूंकडे पसरवितें. भोंवतीं शुभ्र परावर्तक कागद. त्यापुढें जाड दुधी पत्रा. त्यावर दोन-तीन पातळ प्लॅस्टिकचे पापुद्रे, ज्यांस कारागीर ‘शीट’ म्हणतात. आणि सर्वांपुढें कांचेचा पडदा, ज्याच्या कडेस केसाहून बारीक तारांच्या मऊ फिती चिकटविलेल्या असतात. कांहीं पातळ संचांत पट्ट्या मागें नसून कडेस असतात. पण तत्त्व तेंच.

आमच्या रावेतच्या बंधाऱ्यावरून पवनेचें पाणी उचलून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रांत नेतात आणि तेथून तें शहरांतील नळांस जातें. बंधाऱ्यांतच पाणी नसेल तर नळ दुरुस्त करून उपयोग नाहीं. आणि नळ गंजला असेल तर बंधाऱ्यास बोल लावून उपयोग नाहीं. पट्ट्या हा बंधारा. दुधी पत्रा व पापुद्रे हें मधलें केंद्र. आणि कांचेवरील बिंदु हे नळ. ‘फुल एचडी’ पडद्यावर असे २०,७३,६०० बिंदु असतात. दोष दिसला कीं पहिला प्रश्न हा विचारावा, कीं तो बंधाऱ्याचा, केंद्राचा कीं नळाचा? ह्या प्रश्नाचें उत्तर मिळेपर्यंत संच पुन्हां उघडूं नये.

उत्तर मिळविण्याच्या दोन परीक्षा कोणासही करतां येतात. पहिली विजेरीची. आवाज येतो पण पडदा काळा आहे, अशा वेळीं खोलींत अंधार करून विजेरी पडद्याजवळ तिरपी धरावी. पुसट कां होईना, हलणाऱ्या आकृति दिसल्या तर कांचेचा पडदा आपलें काम करीत आहे आणि दोष दिव्याचा आहे. दुसरी परीक्षा मेनूची. रेघ किंवा डाग दिसत असतां रिमोटवरून संचाचा स्वतःचा मेनू पडद्यावर आणावा. मेनूवरूनही तीच रेघ गेली तर दोष संचाचाच. मेनू स्वच्छ दिसला तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या चित्रांत, म्हणजे केबलच्या पेटींत अथवा तिच्या वायरींत शोधावा.

आतां दिव्याचे दोष. नव्या पट्ट्या घातल्यावर पडदा मुळींच उजळत नसेल तर जोडणी सैल राहिली असेल, किंवा धन-ऋण टोकें उलट लागलीं असतील. पट्टीवरील मणी जुन्या दिव्यांच्या माळेसारखे एकामागून एक गुंफलेले असतात. एक तुटला कीं सगळी माळ अंधारते. पडदा क्षणभर उजळून पुन्हां काळा होत असेल तर आंतील संरक्षक मंडल प्रवाह तोडीत आहे असें समजावें. त्याचें नेहमींचें कारण म्हणजे विजोड पट्टी. कांहीं पट्ट्यांचे मणी तीन व्होल्टांचे, तर कांहींचे सहांचे असतात. लांबी आणि मण्यांची संख्या जुळली म्हणून पट्टी जुळली असें नव्हे. पट्टीवर छापलेला क्रमांक जुन्या पट्टीशीं ताडून पाहावा, आणि बदलावयाच्या तर सगळ्याच पट्ट्या बदलाव्या. जुन्यानव्यांची सरमिसळ केल्यास पडद्यावर कमीअधिक उजेडाचे पट्टे उमटतात.

चमकणारे पांढरे ठिपके दिसले तर मण्यांवरील भिंगें निखळलीं आहेत. भिंग गेलें कीं प्रकाश न पसरतां एकाच ठिकाणीं सरळ पुढें येतो. पडलेलें भिंग तबकांतच सांपडतें. तें त्याच्या जागीं अगदीं मधोमध बसवावें आणि त्याच्या पायांशीं दोन नळ्यांतून मिसळावयाच्या गोंदाचा लहानसा थेंब द्यावा. झटकन् चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेनें भिंगावर पांढरी खर धरते, म्हणून तो टाळावा. सारा पडदा निळसर-जांभळा दिसत असेल तर मणी जुने झाले असें समजावें. पांढरी एलईडी ही मूळची निळी. तिच्यावरील पिवळसर लेपानें तिचा प्रकाश पांढरा होतो, आणि उष्णतेनें तो लेप खराब झाला कीं मूळचा निळा वर येतो. ज्या निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा ह्या तिघांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें, तीच ही. नव्या पट्ट्यांनंतरही निळसरपणा राहिला तर पट्ट्यांचा मालच हलका किंवा वेगळ्या छटेचा आहे.

मधल्या केंद्राचे दोष सौम्य असतात आणि ते बहुधा हाताळणींतून येतात. धुरकट डाग, ढगासारख्या सावल्या, बोटांचे ठसे, एके जागीं स्थिर राहिलेला धुळीचा कण, हीं सर्व पापुद्र्यांचीं लक्षणें. चित्र बदललें तरी डाग हलत नाहीं. पांढऱ्या चित्रावर तो अधिक ठळक दिसतो. पापुद्र्यांचा क्रम आणि त्यांच्या बाजू ठरलेल्या असतात. त्यांच्या कडेचे कान चौकटीच्या खुंट्यांत बसले पाहिजेत. म्हणून उचलण्यापूर्वीं प्रत्येकाच्या एकाच कोपऱ्यास चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर अंक घालावा आणि मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावें. हातांत सुती मोजे असावे. धूळ फुंकणीनें उडवावी. ओल्या फडक्यानें पुसूं नये.

नळांचे, म्हणजे कांचेच्या पडद्याचे दोष मात्र गंभीर. पडदा नीट उजळतो पण चित्रच नाहीं, किंवा रंग विपरीत व ओघळल्यासारखे दिसतात, तर मुख्य बोर्डापासून पडद्याकडे जाणारी रिबन तिरकी बसली असण्याचा संभव आहे. वीज तोडून ती सोडवावी, सरळ बसवावी आणि तिची कुलपी नीट लावावी. पुष्कळदां एवढ्यानें काम होतें. परंतु उभी रेघ, उभा रुंद पट्टा किंवा अर्धा पडदा निकामी होणें, ह्यांचें मूळ बहुधा कांचेच्या कडेच्या त्या मऊ फितींत असतें. पडदा उचलतांना फीत दुमडली किंवा तिचा चिकटाव सुटला कीं असें होतें. ती पुन्हां चिकटविण्यास उष्णता आणि दाब मोजून देणारें यंत्र लागतें. घरचा सोल्डरचा दांडा तेथें चालत नाहीं. आणि शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरून त्यांतून फांद्या फुटल्या असतील तर कांच तडकली आहे. त्यास उपाय नाहीं. म्हणून पडदा दोघांनीं मिळून, फितींच्या कडेस न धरतां, सपाट उचलावा आणि स्वच्छ पलंगावर ठेवावा. ह्या दुरुस्तींत पट्टीपेक्षां उचलणें कठीण आहे.

येथें एक गोष्ट आम्ही आग्रहानें सांगतों. संचाच्या वीज-बोर्डावर एक जाडसा कपॅसिटर असतो. घरांतील २३० व्होल्टांची वीज त्यांत सुमारें सव्वातीनशें व्होल्टांपर्यंत सांठते, आणि प्लग काढल्यावरही ती कांहीं काळ तेथेंच राहते. अशा धक्क्यानें माणूस दगावूं शकतो. प्लग काढल्यावाचून मागचें झांकण उघडूं नये. काढल्यावरही थोडा वेळ जाऊं द्यावा, आणि मल्टिमीटरनें दाब उतरल्याची खात्री करावी. झांकण उघडें ठेवून संच चालू करून पाहण्याचा मोह मुलांनीं टाळावा. मल्टिमीटर वापरतां येत नसेल त्यानें वीज-बोर्डाच्या वाटेस जाऊं नये. तेथें कारागीर बोलावण्यांत कमीपणा नाहीं.

आतां त्या तिघां भावांच्या घरचा निकाल. वरील विभागणी आम्हीं त्या मुलास कागदावर लिहून दाखविली आणि तीन व्यंगांपुढें तीन कारणें त्यालाच लिहावयास सांगितलीं. ठिपके दिव्याचे, डाग पापुद्र्याचा, रेघ पडद्याची, असें त्यानें लगेच लिहिलें. पुढील रविवारीं धाकटे काका, जे चाकणच्या एका कारखान्यांत देखभालीचें काम करतात, ते पडदा उचलण्यास त्याच्यासोबत उभे राहिले. तबकांत चार भिंगें सांपडलीं. एका पापुद्र्याचा कान खुंटींतून सुटून दुमडला होता. दोन्ही दोष गेले. हे दोन्ही मुलाच्या हातचेच होते, आणि तें त्यानें स्वतःच सांगितलें. रेघ मात्र राहिली.

ती रेघ म्हणजे पडदा उचलण्यांतील निष्काळजीपणा, असें थोरल्या काकांचें म्हणणें. अशा वेळीं तसें होतें हें खरेंही आहे. परंतु जपमाळ ओढीत बसलेल्या आजी म्हणाल्या, “अरे, ती रेघ दिवाळींतच आली होती. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या खांद्यावरून जायची ती. मी म्हटलें, पदराचा कांठ असेल.” मंडळी हंसलीं. पण धाकट्या सूनबाईंनीं मोबाइलमधील भाऊबीजेचें छायाचित्र काढून दाखविलें. ओंवाळणीच्या मागें टीव्ही चालू होता आणि त्याच्या डाव्या बाजूस ती उभी रेघ स्पष्ट होती. संच उघडण्यापूर्वींही रेघ होती. म्हणजे कारणाच्या अभावींही कार्य होतें. व्यतिरेक फसला आणि आरोपही पडला. मध्यें महिनाभर पडदा अंधारांत असल्यामुळें सर्वांस तिचा विसर पडला होता. नव्या दिव्यानें ती नुसती उजेडांत आणली. थोरल्या काकांनीं कांहीं न बोलतां स्टूल घेतलें आणि माळ्यावरची हत्यारांची पेटी खालीं काढून मुलाच्या टेबलावर ठेविली.

अशा दुरुस्तीचें महत्त्व एका घरापुरतें नाहीं. केंद्र सरकारच्या ग्राहक-व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली, आणि त्याच वर्षीं २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनीं, त्या विषयाचें संकेतस्थळ सुरू केलें. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२, हे १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले; टीव्ही त्यांत मोडतो. जुन्या एलसीडी संचांतील दिव्याच्या नळ्यांत तर पाराही असे. एका पट्टीकरितां सबंध संच उकिरड्यावर जाणें हें खिशास, नदीस आणि बुद्धीस, कोणासच मानवणारें नाहीं. तथापि फितीचा किंवा कांचेचा दोष ठरला तर हट्ट धरूं नये. तो संच रीतसर ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावा.

शेवटीं वडील माणसांस दोन शब्द आणि मुलांस दोन. मुलांनीं संच उघडण्यापूर्वीं त्याचें तेव्हांचें रूप लिहून किंवा टिपून ठेवावें: कोणता डाग, कोणती रेघ, कोठें. एका वेळीं एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहून मगच दुसरा. काम झाल्यावर मेनूंत जाऊन ‘बॅकलाइट’चें प्रमाण निम्म्यावर आणावें, उष्णता कमी झाली कीं पट्ट्या अधिक टिकतात. वडील माणसांनीं ‘कोणीं बिघडविलें’ हा प्रश्न ‘काय बिघडलें’ ह्या प्रश्नाच्या मागें ठेवावा. पहिल्याचें उत्तर पुष्कळदां दुसऱ्याच्या उत्तरांत आपोआप मिळतें, आणि कधीं कधीं तो प्रश्न विचारावाच लागत नाहीं. टीव्ही बाजारांत पुन्हां मिळतो. हत्यार हातीं धरण्याची मुलाची उमेद तेथें मिळत नाहीं.